कार्यशाळेतले प्रश्न: ‘सराव कर’ म्हणजे नेमकं काय करायचं?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं आयटीआयमधल्या शिकण्या-शिकवण्याबद्दल आहेत. काही शिल्प निदेशकांची, काही प्रशिक्षणार्थींची, एक पालकांचं. निवडक पत्रं उत्तरांसह देत आहोत. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न: फिटरच्या तुकडीत २० प्रशिक्षणार्थी आहेत. हाताने टॅपिंग, म्हणजे टॅप फिरवून भोकात आटे पाडणं, कसं करायचं ते दाखवलं की सगळे माना डोलावतात. कामाला लागले की तासाभरात एक-दोन टॅप मोडलेले असतात. मग तेच पुन्हा एकेकाला दाखवत बसावं लागतं. यातून वाट कशी काढायची?
– शिल्प निदेशक, बुलढाणा जिल्हा

उत्तर: तुम्ही दाखवता ते बरोबरच असणार. अडचण अशी की तुमच्या हाताला जे कळतं त्यातलं निम्मं तुमच्या तोंडून बाहेर पडत नाही. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचे हात न सांगता टॅप सरळ धरतात, अडकल्याची चाहूल लागली की आपसूक मागे फिरतात. मुलांना दिसतं ते एवढंच: सर हँडल फिरवताहेत.

म्हणून प्रात्यक्षिकाआधी कामाची फोड कागदावर लिहून काढा. एका बाजूला पायरी, दुसऱ्या बाजूला त्या पायरीतली ‘खोच’, तिसऱ्या बाजूला तिचं कारण. खोच कशाला म्हणायचं? जी चुकली तर काम बिघडतं, इजा होते, किंवा जी माहीत असली की काम सोपं होतं, ती. बाकी सगळं गाळा. एम १० × १.५ च्या, म्हणजे १० मिमी व्यास आणि १.५ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असलेल्या टॅपिंगची फोड साधारण अशी होईल.

भोक ८.५ मिमी ड्रिलने पाडायचं. खोच: व्यास उणे पिच, म्हणजे १० − १.५. कारण: ८ मिमीचं भोक पाडलं तर टॅपला जास्त धातू कापावा लागतो आणि तो तिथेच मोडतो, ९ मिमीचं पाडलं तर आटे उथळ होतात आणि बोल्ट आवळताना सुटतात. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने १० मिमीपेक्षा किंचित मोठी कड मारायची, म्हणजे टॅप सरळ शिरतो आणि पहिला आटा उचलला जात नाही. मग संचातला पहिला, टोकाकडे निमुळता असलेला टॅप लावायचा. खाली दाब फक्त पहिल्या दोन-तीन फेऱ्यांपुरता. तेवढ्यावर थांबून हँडल काढायचं आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून टॅप उभा आहे का ते पाहायचं, एकदा समोरून आणि एकदा ९० अंशांत बाजूने. हीच सगळ्यात मोठी खोच. तिरका गेलेला टॅप इथे सावरता येतो, पाच फेऱ्यांनंतर येत नाही. एकदा टॅपने धातू पकडला की दाब बंद. पुढे आटेच त्याला ओढून नेतात. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, म्हणजे चिप (कापलेल्या धातूचा कीस) तुटते. तेल आधी घालायचं, किंचाळायला लागल्यावर नाही. आणि हँडल दोन्ही हातांनी, सारख्या जोराने. एका हाताने ढकलणं हे मोडलेल्या टॅपचं कदाचित सगळ्यात नेहमीचं कारण आहे. दुसरं म्हणजे टॅपच्या मानाने फार लांब हँडल: जोर किती लागतोय ते हाताला कळतच नाही.

फोड पुरी झाली का हे पडताळायचा एक खात्रीचा उपाय आहे. शेजारच्या इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन विभागातल्या सहकाऱ्याला बोलवा आणि फक्त तुमच्या कागदावरून टॅपिंग करायला सांगा. तुम्ही तोंड उघडायचं नाही. तो जिथे अडेल तिथे एक खोच लिहायची राहिली आहे.

आता २० जणांचं. वाइसभोवती (काम पकडायच्या शिकंजाभोवती) २० जण उभे केले तर पहिल्या ओळीलाच दिसतं, आणि समोर उभ्या असलेल्यांना तुमचे हात उलटे दिसतात. सहा-सात जणांचे तीन गट करा आणि त्यांना तुमच्या खांद्याच्या मागे व बाजूला उभं करा, म्हणजे तुम्हाला दिसतं तसंच त्यांना दिसेल. बाकीचे दोन गट तोवर आखणी आणि ड्रिलिंगवर. प्रात्यक्षिक दहा-बारा मिनिटांपेक्षा लांबवू नका. आधी एकदा नेहमीच्या वेगाने, काही न बोलता. मग सावकाश, प्रत्येक खोच सांगत. तिसऱ्या वेळी मुलांनी सांगायचं आणि तुम्ही त्यांच्या सांगण्याबरहुकूम करायचं. ते गुण्या लावायला विसरले तर तुम्हीही लावू नका, थांबा. त्यानंतर गटातल्या एकाने हात चालवत, खोचा मोठ्याने म्हणत करून दाखवायचं. मगच वाइसवर सोडायचं.

यात नवं काही नाही. तयारी, सादरीकरण, करून घेणं आणि तपासणं या चार पायऱ्या सीआयटीएसमध्ये, म्हणजे शिल्प निदेशकांच्या प्रशिक्षणात, सगळ्यांना शिकवतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जहाजबांधणीसाठी घाईने कामगार तयार करावे लागले, तेव्हा चार्ल्स ॲलन यांनी ही पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धातल्या कारखाना-प्रशिक्षणात तिला पायरी आणि खोच यांच्या तक्त्याची जोड मिळाली. आपल्याकडे मात्र ती पाठ-नियोजनाच्या वहीत सुरेख अक्षरात राहते आणि प्रत्यक्षात दुसऱ्या पायरीनंतर ‘चला, लागा कामाला’ होतं. तिसरी पायरी वगळली की तीच पुढे २० वेळा करावी लागते.

प्रश्न: मी फिटरच्या पहिल्या वर्षाला आहे. कानस मारताना माझा जॉब (तासायचा तुकडा) नेहमी मधे फुगीर होतो, दोन्ही कडा खाली जातात. सर म्हणतात, सराव कर. रोज करतो, तरी तेच.
– प्रशिक्षणार्थी, सोलापूर

उत्तर: चुकीच्या पद्धतीचा रोज सराव केला की चूक पक्की होते. तेव्हा आधी कारण पाहू.

कानस पुढे जाताना सी-सॉसारखी डुलते. सुरुवातीला तिचं टोक जॉबवर असतं आणि मुठीची बाजू लांब बाहेर असते; तेव्हा मुठीवर जोर दिला तर मूठ खाली जाते आणि तुझ्याकडची कड कापली जाते. शेवटी उलट: टोक बाहेर गेलेलं असतं, आणि डाव्या हाताचा जोर कायम असला तर पलीकडची कड जाते. म्हणून जोर बदलत न्यायचा. सुरुवातीला डाव्या हाताचा जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा जास्त. परत येताना जोर शून्य. तेव्हा दाबलं तर काहीच कापलं जात नाही, दात मात्र बोथट होतात.

आता वाइसची उंची बघ. सरळ उभं राहून कोपर दुमडलं की ते जबड्याच्या वरच्या कडेला आलं पाहिजे. वाइस उंच पडत असेल तर पायाखाली लाकडी फळी घे. उंच वाइसवर कोपर वर उचललं जातं आणि हात आपोआप कमानीत फिरतो. मग जोराचं कितीही भान ठेवलं तरी जॉब फुगीरच होणार. जॉब जबड्यातून पाच ते दहा मिमीच वर ठेव, जास्त ठेवला तर थरथरतो. वेग मिनिटाला ५० ते ६० स्ट्रोक. नवशिके दमेपर्यंत ९०च्या वेगाने मारतात आणि मग हात कुठे चाललाय याचं भानच राहत नाही.

सराव असा कर. जॉबच्या पृष्ठभागावर खडूने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढ. फक्त दहा स्ट्रोक मार आणि थांब. खडू कुठे पुसला गेला ते बघ. दोन्ही कडांचा गेला आणि मधला राहिला, तर तू डुलतोयस. फक्त तुझ्याकडच्या कडेचा गेला, तर सुरुवातीला उजवा हात दाबतोय. फक्त पलीकडचा गेला, तर शेवटी डावा हात सुटत नाहीये. पुन्हा खडू, पुन्हा दहा, आणि दर वेळी एकच गोष्ट दुरुस्त कर. कानशीची दिशाही मधूनमधून तिरकी बदल. नव्या ओरखड्यांमध्ये उंच जागा लगेच उठून दिसते.

गुण्याचं पातं उजेडासमोर धरून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर लाव. दोन्ही टोकांना उजेड दिसला म्हणजे फुगीर. असा जॉब सपाट करायचा तर पूर्ण लांबीचे स्ट्रोक थांबव आणि फक्त मधला उंचवटा आखूड स्ट्रोकने काढ. सपाट कानस स्वतःही मधे किंचित फुगीर घडवलेली असते, ती याचसाठी.

जाता जाता: तासलेल्या जागेवरून बोट फिरवू नकोस. घामाचा तेलकटपणा लागला की तिथे कानस घसरते. दातांत कण अडकून खोल ओरखडे पडत असतील तर फाइल कार्डाने (कानशीच्या तारेच्या ब्रशने) साफ कर आणि कानशीला खडू चोळ.

प्रश्न: आमच्याकडे वेल्डिंगचं सिम्युलेटर आलं आहे. रॉड आणि पत्र्याचा खर्च वाचावा म्हणून निम्मा सराव त्यावरच घ्या असं सुचवलं जात आहे. योग्य होईल का?
– वेल्डर विभाग, नाशिक

उत्तर: सिम्युलेटर तीन गोष्टी चांगल्या शिकवतं: रॉडचा कोन, आर्कची लांबी आणि हाताचा वेग. या तिन्हींचा आकडा ते त्या क्षणी दाखवतं, आणि तुम्ही २० हेल्मेटांमागे डोकावून तो दाखवू शकत नाही. पहिल्या काही दिवसांतली भीती घालवायलाही ते उपयोगी आहे.

पण रॉड चिकटला की हाताला बसणारा झटका, वितळलेला धातू आणि त्यावर तरंगणारा स्लॅग (मळी) यांतला फरक, उष्णतेने वाकणारी पट्टी, कपड्यांवर उडणारे थेंब, ओल्या रॉडचा तडतडाट यांतलं काही त्यात खऱ्यासारखं येत नाही. वेल्डर आवाज ऐकून करंट ओळखतो. तो कान खऱ्या आर्कवरच तयार होतो. म्हणून निम्मा वेळ सलग तिकडे देऊ नका. त्याच दिवशी, आधी सिम्युलेटरवर १५ मिनिटं आणि लगेच तोच जॉब बूथमध्ये, असं जोडून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत प्रमाण जास्त ठेवा, फिलेट (काटकोनातल्या दोन पट्ट्यांच्या कोपऱ्यातलं वेल्ड) जमायला लागलं की कमी करत न्या.

पहिला जॉब १० मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलवर सरळ बीड (वेल्डची एक ओळ). ३.१५ मिमीचा ई ६०१३ रॉड, करंट १०० ते १२० अँपिअर, आर्कची लांबी रॉडच्या गाभ्याच्या व्यासाएवढी, रॉड पुढे जाण्याच्या रेषेशी ७० ते ८० अंशांत, हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची. चुका ओळखायला मुलांना बीडच वाचायला शिकवा. बीडच्या काठाने चर पडली असेल तर करंट जास्त, आर्क लांब किंवा हात घाईचा. बीड उंच, अरुंद आणि वर ठेवल्यासारखी दिसली तर करंट कमी. बारीक छिद्रं असतील तर रॉड दमट किंवा आर्क लांब. पावसाळ्यात हे फार होतं. ई ६०१३ रॉड १०० ते ११० अंश सेल्सियसला तासभर ओव्हनमध्ये ठेवून वापरा.

खर्चच वाचवायचा असेल तर पत्रा वाचवण्यापेक्षा तो पुरता वापरा. एका प्लेटच्या दोन्ही बाजूंना बीड घ्या. आणि टी-जोड एकाच बाजूने वेल्ड करून घेतला की तो वाइसमध्ये धरून उभी पट्टी वेल्डच्या दिशेने हातोड्याने पाडायची, जोड मुळापासून उघडतो. मुळाशी धातू खरोखर मिसळला होता का, की वरवर चिकटला होता, ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. सिम्युलेटरवर ९२ गुण मिळवणाऱ्याचा जोड असा कोरडा उघडतो तेव्हा पुढच्या रॉडला करंट किती ठेवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न: आमची मुलं आकृती बघून जिन्याची वायरिंग (एक दिवा, वर-खाली दोन स्विच) अगदी बिनचूक करतात. पण बाहेर गेल्यावर एखाद्या घरातला साधा बिघाड शोधता येत नाही, अशी तक्रार ठेकेदार करतात. हे कसं शिकवावं?
– शिल्प निदेशक (इलेक्ट्रिशियन), कोल्हापूर

उत्तर: जोडणी शिकवली, बिघाड शोधणं शिकवलं नाही, म्हणून ते येत नाही. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दुसरं पहिल्यातून आपोआप उगवत नाही. त्याला वेगळे तास लागतात आणि मुद्दाम बिघडवलेले बोर्ड लागतात.

जिन्याच्या वायरिंगचाच बोर्ड घ्या. सुरुवात २४ व्होल्टच्या दिव्यावर. नीट चालणाऱ्या बोर्डावर दोन टू-वे स्विचच्या चार स्थिती होतात आणि त्यांतल्या दोन स्थितींत दिवा लागतो. मुलांनी आधी हा चार ओळींचा तक्ता वहीत भरायचा. मग पुरवठा बंद करून, मुलं बाहेर असताना, दोन स्विचमधल्या दोन तारांपैकी एक आतून तोडा आणि बोर्ड झाका.

आता दिवा चारपैकी एकाच स्थितीत लागेल. ग्राहकाची तक्रार मात्र ‘कधी लागतो, कधी नाही’ एवढीच असते. तिचं रूपांतर चार ओळींच्या तक्त्यात करणं ही पहिली पायरी. दुसऱ्या बोर्डावर तार तोडू नका. एका स्विचवर कॉमनची तार आणि मधली एक तार यांची अदलाबदल करा. तक्ता काय दाखवेल? तेच: चारपैकी एक. इथे हुशार मुलं फसतात. लक्षण ओळखीचं दिसलं की लगेच तार बदलायला धावतात. पुरवठा बंद करून, दोन्ही टोकं स्विचमधून सोडवून मल्टिमीटरने सलगता तपासली तर पहिल्या बोर्डावर एक तार तुटलेली सापडते, दुसऱ्यावर दोन्ही तारा धडधाकट असतात आणि दोष टर्मिनलवर असतो. लक्षण एक, कारणं दोन. निवाडा मोजमाप करतं. हा धडा या दोन बोर्डांइतका स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

तिसरा बोर्ड न्यूट्रल तुटल्याचा, आणि हा २३० व्होल्टवर, तुमच्या देखरेखीत, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे). स्विच चालू केला की दिवा लागत नाही, पण होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर पेटतो. ‘दोन्हीकडे फेज आला’ असं मुलं सांगतात. खरं तर फेज दिव्याच्या फिलामेंटमधून पलीकडच्या, पुढे तुटलेल्या तारेवर आलेला असतो. दिवा काढला की एका टोकाचा टेस्टर विझतो. फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लावला तर २३० च्या आसपास, फेज आणि होल्डरची न्यूट्रल बाजू यांच्यात दिवा लावलेला असताना जवळपास शून्य. फक्त टेस्टरवर विसंबणाऱ्याला हा बिघाड सुटत नाही.

शोधताना एक शिस्त ठेवा. मीटर लावण्याआधी मुलाने अपेक्षित आकडा वहीत लिहायचा आणि मगच मोजायचं. अंदाज न लिहिता घेतलेलं माप म्हणजे नुसता चाळा. आणि मंडळाच्या एका टोकापासून एकेक जोड तपासत जाऊ नये. मधोमध मोजावं, म्हणजे दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते कळतं. बिघाड घालणं आणि काढणं नेहमी पुरवठा बंद करून, बोर्डाची किल्ली तुमच्या खिशात.

प्रश्न: प्रात्यक्षिकाच्या अंतर्गत मूल्यमापनात जवळजवळ सगळ्यांना ७० ते ७५ गुण पडतात. चांगला कोण, कच्चा कोण ते कागदावर दिसतच नाही.
– गटनिदेशक, मराठवाडा

उत्तर: जॉब हातात आल्यावर एकच आकडा टाकला की असंच होतं. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, सिद्धांताला ३३. त्यामुळे हात ६० च्या थोडा वर जाऊन थांबतो.

गुण तोडा, आणि काही गुण काम चालू असतानाच द्या. आम्ही सुचवतो ती विभागणी: सुरक्षितता आणि हत्यारांची मांडणी १०, आखणी आणि कामाचा क्रम २०, कामाची पद्धत २०, मापं ३०, फिनिश १०, स्वतःचं मोजमाप १०. पहिले ५० गुण मूल काम करत असताना, हातातल्या तक्त्यावर खूण करून. मापांसाठी आधीच पट्टे ठरवा: ठरलेल्या मर्यादेत पूर्ण गुण, दुप्पट मर्यादेपर्यंत निम्मे, पुढे शून्य. माप वर गेलं असेल तर जॉब अजून दुरुस्त होतो, खाली गेलं तर भंगार. दोघांना सारखे गुण देऊ नका.

शेवटचे १० गुण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. मुलाने जॉब देताना स्वतः व्हर्नियरने मोजलेली मापं लिहून द्यायची. मग तुम्ही मोजा. जॉब बिघडलेला असला, पण त्याने लिहिलेलं माप तुमच्याशी ०.०५ मिमीच्या आत जुळलं, तर हे १० गुण पुरे द्या. कारखान्यात चुकीचा जॉब ओळखून बाजूला ठेवणारा कामगार हवा असतो. चुकीचा जॉब बरोबर म्हणून पुढे ढकलणारा महाग पडतो.

प्रश्न: वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये मुलांना रस नाही. सूत्रं पाठ करतात, परीक्षेनंतर विसरतात.
– शिल्प निदेशक, रायगड जिल्हा

उत्तर: गणित फळ्यावरून ड्रिल मशीनपाशी आणा. ड्रिल लावण्याआधी प्रत्येकाने आरपीएम काढून चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीशिवाय मशीन नाही. हाय स्पीड स्टीलचं ड्रिल, माइल्ड स्टीलचा जॉब, कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटर धरला तर १० मिमीच्या ड्रिलला ३० × १००० ÷ (३.१४ × १०), म्हणजे सुमारे ९५५. मशीनवर जो जवळचा खालचा वेग असेल तो घ्यायचा. मग ५ मिमीसाठी काढू द्या: १९१०. २० मिमीसाठी: ४७७. व्यास दुप्पट केला की फेरे निम्मे, हे मुलं स्वतः सांगतील, आणि तेवढं लक्षात राहिलं तर सूत्र विसरलं तरी बिघडत नाही. मग एकदा त्यांच्या देखत एक जुनं, टाकाऊ १२ मिमीचं ड्रिल ५ मिमीच्या वेगावर, फक्त काही सेकंद चालवून दाखवा. निळी पडलेली धार आणि तिचा वास सूत्राला जोडला जातो. गॉगल सगळ्यांना.

प्रश्न: सरावासाठी केलेले सगळे जॉब शेवटी भंगारात जातात. त्यापेक्षा सुरुवातीपासून उपयोगाच्या वस्तूच का करून घेऊ नयेत?
– निवृत्त कार्यशाळा अधीक्षक, पुणे

उत्तर: हा वाद जुना आहे. मॉस्कोच्या तांत्रिक शाळेत व्हिक्टर डेल्ला-वोस यांनी १८६८ च्या सुमारास कामाचे सुटे घटक पाडून क्रमाने सराव घेण्याची पद्धत बसवली आणि १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून ती अमेरिकेत पोचली. स्वीडनमध्ये नेस इथे ओटो सालोमन यांचा आग्रह उलट होता: मुलाने पहिल्या दिवसापासून घरात वापरता येईल अशी पूर्ण वस्तू करावी. आपल्याकडे वर्ध्याला १९३७ साली मांडल्या गेलेल्या नई तालीमचा कल दुसऱ्या बाजूचा, आणि पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून गावाला लागणारी कामंच अभ्यासक्रम म्हणून घेतली.

आमचं मत: शाळेत, आठवी ते दहावीला, वस्तू आणि गावची कामं, तिथे उद्देश ओळख आणि आत्मविश्वास हा असतो. आयटीआयमध्ये मात्र सुट्या सरावाला पर्याय नाही, कारण पूर्ण वस्तू करताना मूल जे जमतं ते जास्त करतं आणि जे जमत नाही ते मित्राकडून करून घेतं. पण भंगार टाळता येतं. एकच ७५ मिमीचा चौकोनी तुकडा आधी कानसकामाला, मग आखणी आणि पंचिंगला, मग ड्रिलिंगला, मग टॅपिंगला वापरा. तोच शेवटी एखाद्या जोडकामाचा खालचा भाग होऊ शकतो. आणि दर सहा-आठ आठवड्यांनी एक खरी वस्तू: कॅलिपर, सी-क्लॅम्प, गुण्या. मुलाने स्वतः केलेला गुण्या त्यालाच पुढचे तीन महिने वापरायला लावा. काटकोन चुकला असेल तर त्याचा त्रास त्यालाच होतो.

प्रश्न: मुलाला ऑन-द-जॉब ट्रेनिंगला एका कारखान्यात पाठवलं. तो म्हणतो, नुसता माल उचलायला लावतात. संस्थेत तक्रार केली तर मुलाचंच नुकसान होईल का?
– पालक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: तक्रारीआधी एक गोष्ट करा. वर्षाचे १५० तास म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने जेमतेम १९ दिवस असतात, त्यामुळे पहिला आठवडा वाया गेला की तिसरा हिस्सा गेला. मुलाला रोज तीन ओळी लिहायला सांगा: आज कोणतं मशीन किंवा हत्यार हाताळलं, कोणतं माप घेतलं, काय विचारलं. चार दिवसांत पहिली ओळ कोरीच राहिली तर ती वही घेऊन निदेशकांना भेटा. ‘काही शिकवत नाहीत’ या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. कोऱ्या ओळींवर येतं. निदेशकांनी सुपरवायझरकडे पाच-सहा नेमक्या कामांची यादी द्यावी: तपासणी विभागात गेज लावणं, ड्रॉइंगवरून जॉब ओळखणं, देखभाल करणाऱ्याबरोबर एक बिघाड दुरुस्त होताना पाहणं. अशी यादी सुपरवायझरलाही हवी असते. पोराला काय द्यावं हे न सुचल्यामुळेच बहुतेक वेळा हातात झाडू किंवा ट्रॉली येते. पुढच्या वर्षी मुलगा जाण्याआधीच ही यादी गेली आहे का, एवढं मात्र तुम्ही स्वतः विचारा.